विश्लेषण : ऐंशी वर्षांपूर्वीचा व्हाइस नव्यापेक्षा महाग कसा?

जुने वर्कशॉप बंद करताना किंवा वडिलांची अडगळीची खोली रिकामी करताना एक जड, गंजलेली, टेबलाला बोल्टने आवळलेली वस्तू हमखास निघते. ती हलवायला दोन माणसे लागतात आणि भंगारवाला तिला काट्यावर ठेवून किलोच्या भावाने पैसे हातावर टेकवतो. ही वस्तू म्हणजे बेंच व्हाइस. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र असे जुने व्हाइस लोक शोधून विकत घेतात, महिनाभर खपून दुरुस्त करतात आणि रोजच्या कामाला लावतात. शिकागोच्या ‘विल्टन’ कंपनीचा जुना व्हाइस तिथे शेकडो डॉलरना जातो. मोठ्या मापाचा, न फुटलेला नग असेल तर आकडा हजाराच्याही पुढे जातो. हे नुसते जुन्याचे वेड आहे का? थोडे आहेच. पण त्यामागे धातूचे आणि घडणीचे हिशेबही आहेत, आणि ते कळले तर काट्यावर चढणारा व्हाइस वेळीच ओळखता येतो.

व्हाइसमध्ये एवढी ताकद येते कुठून?

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला गेलेल्यांचे पहिले दिवस व्हाइससमोर उभे राहून लोखंडाचा तुकडा कानशीने घासण्यात जातात. एक जबडा स्थिर, दुसरा सरकणारा, मध्ये जाड आट्यांचा स्क्रू आणि तो फिरवायला दांडा, एवढाच हा प्रकार. हिंदीभाषक कारागीर त्याला बांक किंवा शिकंजा म्हणतात.

साध्या गणिताने त्याची ताकद कळते. दांड्याचे टोक स्क्रूच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल तर एका फेऱ्यात हात सुमारे १५७० मिलिमीटर फिरतो. आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटर असेल तर तेवढ्यात जबडा फक्त ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे जोर कागदावर ३१४ पट होतो. २० किलोच्या ओढीचे सहा टन. यातला मोठा भाग, तीन चतुर्थांशाच्या आसपास, घर्षणात जातो. तरी तुकड्यावर दीडएक टनाचा दाब उरतो, आणि तेवढाच ताण व्हाइसच्या अंगावरही पडतो. जबडे एकमेकांपासून फाकू पाहतात, मधले लोखंड ताणले जाते. व्हाइसचा कस लागतो तो इथे.

लोहाराच्या व्हाइसपासून आजच्या व्हाइसपर्यंत

आधी होता तो लोहाराचा पायवाला व्हाइस. त्याचा एक पाय थेट जमिनीवर टेकतो, त्यामुळे घणाचा घाव टेबलाला न बसता जमिनीत उतरतो. जुन्या नगांमध्ये नटाच्या आतले आटे कापलेले नसत. चौकोनी तारेचे वेटोळे नळीत बसवून ते पितळेने जोडलेले असे. कापायचे साधन सर्वत्र नव्हते तेव्हाची ही हिकमत. अशा व्हाइसचा एक जबडा खालच्या खिळीभोवती कंसात फिरतो, म्हणून दोन्ही जबडे एकाच ठिकाणी समांतर येतात. जाड तुकडा धरला की पकड वर किंवा खालीच लागते. लोहाराला ते चालते, फिटरला नाही.

कारखानदारी वाढली तसा एकोणिसाव्या शतकात सरळ रेषेत सरकणाऱ्या जबड्याचा, म्हणजे ‘पॅरलल’ व्हाइस रुळला. अमेरिकेत कनेटिकटमधील मेरिडन गावचे चार्ल्स पार्कर, पेनसिल्व्हेनियातील ईरीची ‘रीड’, न्यूयॉर्कची ‘प्रेंटिस’ ही त्यातली गाजलेली नावे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पार्किन्सन यांनी खटका दाबताच अर्धा नट स्क्रूपासून सुटेल अशी सोय केली, त्यामुळे जबडा फेरे न मारता हाताने ओढता येऊ लागला. शेफील्डच्या ‘सी अँड जे हॅम्प्टन’ या कंपनीचा ‘रेकॉर्ड’ हा छाप तर ब्रिटिश वर्कशॉपची ओळखच झाला. त्याचा ३ नंबर म्हणजे चार इंची जबड्याचा व्हाइस. पुढे हा छाप ‘आयर्विन’कडे गेला.

संग्राहकांचा सर्वांत लाडका नग मात्र त्यामानाने नवा आहे. ह्यू वोगल या चेक स्थलांतरिताने १९४१ मध्ये शिकागोत कंपनी काढली आणि ज्या रस्त्यावर ती होती त्या विल्टन ॲव्हेन्यूचे नाव तिला दिले. त्यांनी स्क्रू आणि नट दोन्ही एका गोल, बंद नळकांड्यात घेतले. कीस आत जायला वाटच उरली नाही. मागचा गोल तोंडवळा बंदुकीच्या गोळीसारखा, म्हणून त्याला ‘बुलेट’ म्हणू लागले. सरकत्या भागाच्या खालच्या अंगाला महिना आणि वर्ष ठोकलेले असते. जुन्या नगांवर ती गॅरंटी संपण्याची तारीख आहे, म्हणून संग्राहक त्यातून पाच वर्षे वजा करतात. १९५१ चा शिक्का म्हणजे १९४६ चा जन्म.

जुने ते सगळे चांगले का?

नाही. इथे मोठा गैरसमज आहे. जे व्हाइस फुटले ते केव्हाच भट्टीत गेले. आपल्यापुढे येतात ते टिकलेले, त्यामुळे जुने सगळेच दणकट वाटते.

खरा फरक धातूचा आहे. बहुतेक स्वस्त व्हाइस, जुने काय आणि नवे काय, साध्या बिडाचे असतात. बिडाचा तवा ओट्यावरून पडला की तडकतो, वाकत नाही. कारण बिडातले कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेले असते आणि ताण पडला की प्रत्येक पापुद्रा आयत्या चिरेसारखा वागतो. दाबाखाली बीड उत्तम, ताणाखाली कच्चे. यावर जुना उपाय होता मॅलिएबल लोखंडाचा. त्यासाठी पांढऱ्या बिडाचे ओतकाम कित्येक दिवस भट्टीत तापवत ठेवून त्यातल्या कार्बनचे गठ्ठे बनवावे लागत. वेळ आणि कोळसा दोन्ही खाणारे काम. १९४० च्या दशकात वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम घातले की कार्बनच्या गोळ्या बनतात हे सापडले, १९४८ मध्ये ते जाहीर झाले आणि डक्टाइल आयर्न आले. ते फुटण्याआधी वाकते.

तेव्हा ‘जुना की नवा’ हा प्रश्न अपुरा आहे. चांगल्या धातूचा नवा व्हाइस आजही मिळतो, फक्त त्याची किंमत ऐकून माणूस दुकानाची पायरी उतरतो. तेवढ्याच दर्जाचा जुना नग दुरुस्तीच्या कष्टांसह स्वस्तात पडतो, आणि मागणीचे मूळ यात आहे. दुसरे कारण घडणीचे. सरकता भाग बॉडीत किती चपखल बसवायचा यावर पूर्वीचे चांगले कारखाने वेळ खर्च करत. स्वस्त नव्या व्हाइसमध्ये तो ढिला असतो आणि आवळताना जबडा वर उचलला जातो.

बाजारात पाहायचा कसा?

आपल्याकडे विलायती हत्यारे ब्रिटिश काळात रेल्वेची वर्कशॉप, गोदी आणि गिरण्यांचे दुरुस्ती विभाग यांतून आली. गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेले तसा त्यातला बराच माल भंगारात उतरला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अजूनही अवजारांचे ढीग दिसतात. तिथे हात घालताना रंगाकडे मुळीच पाहू नये. किंबहुना ताजा, चकाकता रंग दिसला की सावध व्हावे. रंगाखाली पुट्टी असते आणि पुट्टीखाली चीर.

चीर शोधायची जुनी युक्ती रॉकेल आणि खडूची. संशयाच्या जागी रॉकेल लावायचे, कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. सुटा भाग दोरीला टांगून हातोडीने हलके टिचकवला तर धड लोखंड घुमते, फुटके बद्द वाजते. स्थिर जबड्याची मान आणि टेबलाला बोल्ट बसतात ते कान, या दोन जागा आधी पाहाव्यात.

मग दांडा फिरवावा. उलटा फिरवताना जबडा हलायला लागेपर्यंत किती फेरा रिकामा जातो? थोडा चालतो, अर्ध्या फेऱ्याच्या वर गेला तर नट किंवा स्क्रू झिजला आहे. ही चाचणी जबडे जवळ असताना आणि पुरते उघडे असताना अशी दोनदा करावी. पुष्कळदा वर्षानुवर्षे काम पहिल्या दोन इंचांतच होते, तेवढाच स्क्रू झिजतो. पुढे घट्ट लागले तर झीज स्क्रूची, सगळीकडे ढिले लागले तर बहुधा नटाची. जबड्यांच्या दोन टोकांना वहीच्या कागदाच्या पट्ट्या धरून हलके आवळावे. एक पट्टी अडकली आणि दुसरी सहज निघाली तर जबडे समांतर नाहीत.

वाकडा दांडा वाईट दिसतो, पण तो फक्त इतिहास सांगतो, की कुणीतरी त्यावर पाइप चढवून जोर लावला होता. दांडा मऊ ठेवतात तो याचसाठी. स्क्रू तुटण्याआधी त्याने वाकावे. तो बदलणे सोपे. मात्र त्या पाइपने आत काय केले ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुरुस्ती : गंज सोपा, रंग धोक्याचा

खोलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक बाजूने फोटो काढून ठेवावेत. पुन्हा जोडताना स्मरणशक्ती दगा देते. जाम झालेल्या जोडांवर रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून एकदोन दिवस थांबावे. घाईत ठोकणाऱ्यांनी कान तोडलेले व्हाइस बाजारात भरपूर आहेत.

सर्वांत दुर्लक्षित धोका जुन्या रंगाचा आहे. पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग, विशेषतः यंत्रांवरचा, शिशाचा आहे असेच धरून चालावे. तो कोरडा घासू नये, ग्राइंडरने उडवू नये, टॉर्चने जाळू नये. रंग उतरवायचे रसायन लावून ओला खरवडावा, निघालेला लगदा पिशवीत बांधावा, मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावे. यूट्यूबवरच्या झटपट व्हिडीओंत तारेचा ब्रश धूळ उडवत फिरताना दिसतो, तो पाहायला छान वाटतो एवढेच.

गंज काढायचे दोन घरगुती मार्ग आहेत. पहिला सायट्रिक ॲसिडचा. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून भाग काही तास बुडवायचा, अधूनमधून पाहायचा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडा करून तेल लावायचे. बुडवून विसरले तर आम्ल गंजासोबत लोखंडही खाते. दुसरा विजेचा. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार लोखंडाच्या टाकाऊ पत्र्याला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचे. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच नाही. आपल्या घरात जुना स्टीलचा डबा सहज हाताशी येतो, पण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

झिजलेल्या नटाला इलाज लेथवाल्याकडे. इथे एक अडचण येते. इंग्रजी-अमेरिकी व्हाइसचे आटे इंचाच्या हिशेबाचे आणि झिजलेल्या स्क्रूला नवा नट चपखल बसत नाही. म्हणून स्क्रू आणि गनमेटलचा नट, दोन्ही जोडीने करून घेणे शहाणपणाचे. जबड्यांच्या पट्ट्या सुट्या असतील तर त्याही नव्या करता येतात. फुटलेल्या बिडाचे वेल्डिंग मात्र येरागबाळ्याचे काम नव्हे. आधी तापवणे, निकेलचा रॉड आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश निववणे हे न पाळता मारलेला टाका शेजारी नवी चीर पाडतो. पितळी ब्रेझिंग अनेकदा जास्त भरवशाचे ठरते. मान फुटलेला व्हाइस दुरुस्त झाला तरी जोराच्या कामाला घेऊ नये.

रंग द्यावा की नाही यावर संग्राहकांत दोन तट आहेत. आमच्या मते पातळ हात पुरे. छापाची ओतीव अक्षरे घासून सपाट केलेला व्हाइस नव्यासारखा दिसतो, पण मग तो कुणाचा हे सांगायला काही उरत नाही.

बसवताना आणि वापरताना

जबड्याचा माथा उभे राहिल्यावर कोपराच्या उंचीला यावा, नाही तर कानस चालवताना पाठ धरते. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर हवा, म्हणजे लांब सळई उभी धरता येते. ठोकायचेच झाले तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेने बसावा. सरकत्या जबड्याकडे ठोकले की सगळा धक्का स्क्रू आणि नट खातात. तुकडा जबड्याच्या एकाच टोकाला धरावा लागला तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा घालावा. पितळ, ॲल्युमिनियम किंवा घासून तयार केलेला भाग धरताना जबड्यांवर ॲल्युमिनियमचा अँगल, तांब्याचा पत्रा किंवा चामडे चढवावे. स्क्रूला ग्रीस बेताचेच लावावे. जास्त लावले की त्याला कीस चिकटतो आणि तो आट्यांत कानशीसारखा फिरत राहतो. कीस ब्रशने झाडून मगच नवे ग्रीस, आणि पावसाळ्याआधी उघड्या लोखंडावर तेलाचा एक हात.