गोल्फची काठी: नावाचे पैसे, कामाचे पैसे

आजचा विषय जरा खर्चिक खेळातला आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नामांकित कंपनीची वस्तू घ्यायची, की तशीच दिसणारी, निम्म्या किमतीची? बूट, घड्याळ, चष्म्याची फ्रेम यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण नेहमीच सोडवत असतो. आज तो गोल्फच्या क्लबच्या बाबतीत सोडवू. खेळतात त्या जागेलाही क्लब म्हणतात आणि हातातल्या काठीलाही क्लबच म्हणतात, तेव्हा घोटाळा नको. आज क्लब म्हणजे काठी.

आधी पैशांचं बोलू. नियमाप्रमाणे खेळताना पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. त्यातला सगळ्यात लांब पल्ल्याचा तो ड्रायव्हर. अमेरिकेत नव्या नामांकित ड्रायव्हरची किंमत आज 600 डॉलरच्या आसपास आहे, आणि ही झाली एक काठी. पूर्ण संच नवा आणि नामांकित घ्यायचा म्हटलं तर एका चांगल्या दुचाकीचे पैसे सहज जातात. त्यामुळे ज्याला खेळ नुकताच आवडू लागलाय, त्याच्यासाठी हा निर्णय लहान नाही.

आता गंमत अशी की 'कॉपी' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या वस्तूंना लावतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे कल्पना घेतलेली. आकार, रचना जुन्या गाजलेल्या क्लबसारखी, पण वर नाव बनवणाऱ्याचं स्वतःचं. दुसरी म्हणजे हुबेहूब दिसावी म्हणून केलेली. रंग तसाच, अक्षरांचं वळण तसंच, नाव मात्र थोडंसं बदललेलं. आणि तिसरी म्हणजे दुसऱ्याचं नावच छापलेली, ज्याला आपल्याकडे 'डुप्लिकेट' किंवा जरा लाडानं 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. या तिघींना एका मापानं मोजलं, तर निर्णय चुकणारच.

पहिल्या प्रकाराचं एक उत्तम उदाहरण आहे. कार्स्टन सोलहाइम नावाचे एक अभियंते अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. 1959 मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पटर, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायचा क्लब, बनवायला सुरुवात केली. चेंडूला लागताना तो 'पिंग' असा आवाज करायचा, म्हणून कंपनीचं नाव पिंग. 1966 मध्ये त्यांनी 'अ‍ॅन्सर' नावाचा पटर काढला. त्याच्या डोक्याचं वजन मधे न ठेवता टाच आणि टोक अशा दोन बाजूंना वाटलेलं होतं. त्यामुळे चेंडू अगदी मधोमध लागला नाही, तरी डोकं हातात कमी फिरतं आणि चेंडू फारसा भरकटत नाही.

त्या रचनेवरचे हक्क कधीच संपले. आज जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे त्या आकाराचा पटर आहे. स्कॉटी कॅमरन हे पटरमधलं अतिशय महागडं नाव, पण त्यांचा प्रसिद्ध 'न्यूपोर्ट' हाही त्याच घराण्यातला. म्हणजे 'आम्ही कॉपी घेत नाही' असं म्हणणारा माणूससुद्धा कित्येकदा कॉपीच वापरत असतो, फक्त महाग कॉपी. यात गैर काही नाही. पेटंटची कल्पनाच अशी आहे की शोध लावणाऱ्याला ठरावीक काळ हक्क द्यायचा आणि मग तो शोध सगळ्यांसाठी मोकळा करायचा. आपल्याकडे पेटंटला 20 वर्षं मिळतात, आणि वस्तूच्या बाह्य रूपाच्या नोंदणीला 10, वाढवून 15.

दुसऱ्या प्रकारात मात्र सीमारेषा धूसर असते. कॉस्टको या दुकानसाखळीनं आपल्या कर्कलंड या घरच्या नावानं सुमारे 500 डॉलरला आयर्नचा, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबचा, संच आणला. टेलरमेड कंपनीनं जानेवारी 2024 मध्ये दावा लावला की यात आमच्या पी-790 क्लबची पेटंट असलेली रचना वापरली आहे. बघा, इथं कुणी कुणाचं नाव चोरलेलं नव्हतं. वाद होता तो आतल्या रचनेचा. अशा गोष्टी दिसण्यावरून ठरत नाहीत, त्या कोर्टातच ठरतात.

मग प्रश्न येतो की स्वस्त क्लब कामाला कमी पडतो का? याचं उत्तर क्लबच्या पोटात आहे. ड्रायव्हरचं डोकं बाहेरून मोठं, पण आतून पोकळ. नियमानं त्याचं आकारमान जास्तीत जास्त 460 घन सेंटिमीटर असू शकतं, आणि वजन साधारण 200 ग्रॅम ठेवतात. टायटेनियम हलकं आणि मजबूत असल्यामुळे हे जमतं. टायटेनियमची घनता पाण्याच्या साडेचार पट, पोलादाची पावणेआठ पट. तेवढंच मोठं डोकं पोलादाचं केलं, तर एकतर ते जड होतं, नाहीतर भिंती इतक्या पातळ कराव्या लागतात की चेपतात. म्हणजे बाहेरचा आकार डोळ्यांनी बघून उतरवता येतो, पण कुठे किती जाडी आणि कुठे किती वजन, हे बघून उतरवता येत नाही. मधोमध लागलेल्या फटक्यात दोन क्लबमधला फरक कळणारही नाही. तो कळतो कडेला लागलेल्या फटक्यात.

पण दुसरी बाजूही ऐका. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी ड्रायव्हरच्या पृष्ठभागाच्या 'स्प्रिंगसारख्या' उसळीला मर्यादा घातली आहे. म्हणजे नामांकित ड्रायव्हर त्या मर्यादेला कधीच पोचलेले आहेत. दरवर्षी नवा क्लब येतो, दरवर्षी जाहिरात 'आणखी लांब' म्हणते, पण वरचं छप्पर तेच. सुधारणा होतात, नाही असं नाही. त्या मुख्यतः चुकलेल्या फटक्याला सांभाळून घेण्यात असतात. याचा ग्राहकासाठी अर्थ काय? तर पाच-सहा वर्षांपूर्वीचा नामांकित क्लब आजच्यापेक्षा फार मागे नाही.

आता तिसरा प्रकार, फर्स्ट कॉपी. याबद्दल आम्ही स्पष्टच सांगतो, घेऊ नका. कायदा हे एक कारण. ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंडही होऊ शकतो. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीनं कारण वेगळं आहे. डोकं आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, हे खास डिंकानं जोडलेले असतात. तो जोड नीट साफ करून, योग्य डिंकानं केलेला नसेल, तर जोराच्या फटक्यात डोकं सुटून उडतं, आणि समोर माणसं उभी असतात. स्वतःच्या नावानं स्वस्त माल विकणाऱ्याला तक्रार आली तर तोंड द्यावं लागतं. दुसऱ्याच्या नावानं विकणारा तक्रार येईपर्यंत गायब झालेला असतो.

ओळखायचं कसं? किंमत अशक्य वाटावी इतकी कमी असेल, तर ती अशक्यच आहे. क्लबवरचा अनुक्रमांक कंपनीकडे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे तपासून घ्या. आणि एक घरगुती युक्ती म्हणजे फ्रिजवरचं लोहचुंबक. टायटेनियमला ते चिकटत नाही. 'टायटेनियम' म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या पुढच्या पृष्ठभागाला चुंबक घट्ट बसलं, तर समजून जा. वजनासाठी बसवलेले स्क्रू वेगळ्या धातूचे असू शकतात, म्हणून स्क्रूवर लावून बघू नका.

शेवटचा मुद्दा, जो खरं तर पहिला असायला हवा. क्लब तुमच्या अंगाला बसतो का? शाफ्टची लांबी, त्याची लवचिकता, मुठीची जाडी, आणि डोकं जमिनीवर टेकताना दांड्याशी होणारा कोन. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा हा कोन गरजेपेक्षा उभा असेल, तर चेंडू डावीकडे जायला लागतो, आणि माणूस बिचारा आपला फटका चुकतोय म्हणून महिनोन्‌महिने सराव करतो. उंच माणसाच्या हातातला आखूड नामांकित क्लब हा मापाचा नसलेल्या महागड्या सुटासारखा आहे. मापाचा साधा क्लब त्याच्यापेक्षा चांगला.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "एवढं सगळं ऐकलं, पण उद्या दुकानात गेल्यावर करू काय?" तर क्रम असा ठेवा. आधी एखाद्या प्रशिक्षकाकडून आपली मापं घ्या. मग विश्वासू माणसाकडून जुना नामांकित संच मिळतो का बघा. नाही मिळाला, तर स्वतःच्या नावानं विकणाऱ्या उत्पादकाचा नवा स्वस्त संच घ्या. सुरुवातीला 14 लागत नाहीत, सात-आठ पुरतात. उरलेल्या पैशांत शिकवणी लावा. नवा नामांकित क्लब घ्यायचाच असेल, तर तो फटका स्थिरावल्यावर, स्वतः मारून, फरक हाताला जाणवला तरच घ्या.

नामांकित की कॉपी, हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. वस्तू कुणी बनवली हे तो माणूस उघडपणे सांगतोय का, आणि ती माझ्या मापाची आहे का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उत्तर आपोआप समोर येतं.