पाणी पिणारं ब्रेक ऑइल

गेल्या पावसाळ्यात पाटणहून बचत गटाची बैठक आटोपून आम्ही चौघी चिपळूणला परतत होतो. गाडी आमची जुनी मारुती ८००, चालवत होते मी. कुंभार्ली घाटात धुकं, पुढे मालट्रक, त्यामुळे सारखा ब्रेकवर पाय. निम्मा घाट उतरला आणि पेडल दाबलं तर पाय थेट खाली! भराभर तीन-चारदा पेडल मारलं, गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या कडेला टेकवली. मागे बसलेल्या मावशींची रामरक्षा चालूच होती.

अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठणठणीत. घरी हे म्हणाले, "घाबरली असशील, दुसरं काय!"

मेकॅनिकने मात्र बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. आत कोऱ्या चहासारखं काळपट पाणी. नवं असतं फिकट पिवळं. "वहिनी, हे कधी बदललंय?" मी गप्प. आम्ही फक्त कमी झालं की वरून ओतायचो.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच हे ऑइलही हवेतला ओलावा ओढतं. नवं 'डॉट ३' ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की १४० च्या आसपासच उकळू लागतं. घाटात ब्रेक तापतात, ऑइलची वाफ होते. वाफ दबते, मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफ विरते. म्हणजे मी घाबरट नव्हते!

दर दोन वर्षांनी ते बदलायचं. मी पेडल दाबून धरायचं, त्याने चाकाजवळचं निपल सैल करून जुनं ऑइल काढायचं, निपल आवळल्यावरच मी पाय उचलायचा. लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात. डबी मध्येच रिकामी झाली तर हवा शिरते, म्हणून त्याचा पोऱ्या वरून ओतत होता. एक थेंब बोनेटवर सांडला, तो मी लगेच पाण्याने धुतला, नाहीतर रंग जातो. बाटली डबीच्या झाकणावर लिहिलेल्या नंबरचीच घ्यायची, तीही सीलबंद. उघडून ठेवलेली उरलीसुरली नको, काटकसर इथे कामाची नाही. आणि डबीतलं ऑइल कमी होत असेल तर नुसतं ओतू नका. ब्रेक पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते आधी बघून घ्या.

परवा धाकट्या जाऊबाईंच्या गाडीचं बोनेट उघडायला लावलं. तिथेही कोरा चहाच!