न हलणारा दांडा, न आटणारी सुरई

अंधेरीहून सुटलेली विरार फास्ट. गर्दीत उभ्या असलेल्या एका प्रवाशाच्या हातात लोखंडी दांडा आहे, त्याच्या टोकाला बटण. बटण दाबलं की दांडा आहे तिथेच हवेत खिळून राहतो आणि 8,000 पौंड, म्हणजे साधारण 3,600 किलोंपर्यंतचा भार पेलतो. प्रवाशाने जोगेश्वरीच्या आसपास बटण दाबलं तर काय होईल?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांच्या टेबलावर असे प्रश्न नेहमीचेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत 1974 साली बाजारात आला. चार-पाच जण एकत्र बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण ‘डंजन मास्टर’, सगळ्यांच्या तोंडी ‘डीएम’. तो गोष्ट पुढे नेतो. तलवार लागली की हुकली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 2016 मध्ये आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे आपल्याकडेही अनेकांना या खेळाचं नाव कळलं. अंधेरीतल्या बोर्ड गेम कॅफेत जा किंवा बोरिवलीतल्या घरी जेवणाचं टेबल रिकामं करा, फासे, कागद, पेन्सिली आणि बोलायची हौस एवढ्यावर तो सुरू होतो.

या खेळातल्या जादूच्या वस्तूंची खरी गंमत त्यांच्या मर्यादांत आहे. दांड्याचंच बघा. नियम म्हणतो, तो हलत नाही. कशाच्या संदर्भात हलत नाही, ते लिहिलेलं नाही. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मुंबईला ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेतं. दांडा अवकाशात स्थिर धरला, तर काही सेकंदांत तो वर्सोव्याच्या समुद्रावर असेल! म्हणून डीएम सहसा जमिनीचा संदर्भ धरतो. मग गाडी पुढे जाते, दांडा जागीच राहतो, आणि मागे उभ्या असलेल्यांचं काय, हा विचार आधी करावा लागतो. शेवटी डब्याची भिंत त्यावर आदळते. डब्याचं वजन 3,600 किलोंच्या कितीतरी पलीकडचं, त्यामुळे जादू सुटते आणि दांडा खाली पडतो. दुसरा डीएम म्हणेल, चालत्या डब्यात डबा हीच जमीन. प्रवाशाला धरायला हक्काचा दांडा मिळाला, एवढंच. दोन्ही निवाडे चालतात. मात्र आज लोकलमध्ये जो निवाडा दिला तोच उद्या जहाजावर द्यायला हवा, नाहीतर खेळाडूंचा विश्वास उडतो.

उपनगरातल्या माणसाला सगळ्यात मोह पडावा अशी वस्तू म्हणजे न आटणारी सुरई, ‘डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर’. तिचं बूच काढून ठरलेला शब्द उच्चारला की पाणी येतं. तीन शब्द, तीन धारा. सगळ्यात मोठी धार एका खेपेला 30 गॅलन देते, म्हणजे सुमारे 113 लिटर. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. या हिशेबाने सोसायटीची 10,000 लिटरची टाकी नऊ मिनिटांच्या आत भरते. पण पाणी पुढच्या फेरीला थांबतं, शब्द पुन्हा उच्चारावा लागतो. मुंबईला रोज साधारण 385 कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. तेवढ्यासाठी दोन हजारांहून जास्त सुरया लागतील, आणि प्रत्येकीपाशी दर सहा सेकंदांनी, दिवसरात्र बोलणारं माणूस. आता वाद सुरू होतो: पोपट शिकवला तर? ‘बोलणारा’ म्हणजे नेमका कोण?

‘बॅग ऑफ होल्डिंग’ ही पिशवीही अशीच. आत 64 घनफूट जागा, सव्वादोनशे किलोंपर्यंत सामान, आणि कितीही भरलं तरी पिशवीचं वजन तेवढंच. छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणखी काय हवं? मात्र तिचं तोंड दोनच फूट रुंद, तेव्हा कपाट आत जाणार नाही. माणूस लपवता येतो, पण हवा एकाला दहा मिनिटं पुरते, दोघांना पाच. टोकदार वस्तूने पिशवी फाटली की आतलं सगळं दुसऱ्या लोकात विखुरतं.

मराठी माणसाला हा विचार परका नाही. द्रौपदीची थाळी आठवावी. तिचाही नियम होता: द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपणार नाही. ती जेवल्यावर दुर्वास शिष्यांसह आले. श्रीकृष्णाने थाळीला चिकटलेलं भाजीचं पान शोधून खाल्लं आणि नदीवर स्नानाला गेलेल्या सगळ्यांची पोटं भरली. नियम मोडला नाही. त्यात उरलेली जागा शोधली. चांगला खेळाडू नेमकं हेच करतो.

मात्र पळवाट आणि कल्पकता यांत फरक आहे. 2024 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये तो स्पष्ट केला आहे. शेकडो माणसांची रांग लावून हातोहात भाला पुढे दिला, तर एका फेरीत त्याला प्रकाशाचा वेग येईल, असा दावा खेळाडू करतात. पुस्तक म्हणतं, तो मान्य करू नका; हे नियम खेळासाठी आहेत, भौतिकशास्त्रासाठी नाहीत. हा निवाडा योग्यच आहे. सुरईच्या पाण्याने बोगद्यातली आग विझवली तर सगळ्या टेबलाला मजा येते. भाल्याच्या हिशेबात एकट्याचीच करमणूक होते.

या खेळाचे मूलभूत नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. दांडा, सुरई, पिशवी तिन्ही त्यात आहेत. मूळ स्रोताचा उल्लेख केला की भाषांतराला वेगळी परवानगी लागत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या शाळा-कॉलेजांतल्या मराठी वाङ्मय मंडळांनी हे काम हाती घ्यावं, आणि सुरुवात जादूच्या वस्तूंच्या प्रकरणापासून करावी.