बेटावरचे चित्रण : आधी पाणी, मग कॅमेरा

माडांची रांग, पांढरी पुळण आणि निळे पाणी पडद्यावर दिसले की वाटते, असे ठिकाण मिळाल्यावर दिग्दर्शकाला आणखी काय हवे? कॅमेरा लावावा आणि कळ दाबावी! गेले वर्षभर या विषयावर जे वाचले आणि जे चित्रपट पाहिले, त्यांतून मला दिसले ते याच्या अगदी उलट. दूरच्या बेटावर कॅमेऱ्याची पाळी सर्वांत शेवटी येते. पाणी, ऋतू आणि तेथल्या माणसांची संमती यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. ध्रुवप्रदेशावरचा त्यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) हा मूकपट गाजला, तेव्हा पॅरामाउंटवाल्यांनी त्यांना तसाच आणखी एक चित्रपट करून आणावयास सांगितले. १९२३ साली ते पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर गेले. बरोबर पत्नी फ्रान्सिस, तीन लहान मुली आणि भाऊ डेव्हिड. सावाई बेटावरील साफुने या गावी त्यांनी बिऱ्हाड थाटले, ते १९२४ च्या अखेरपर्यंत. 'बिऱ्हाड' हा शब्द मी मुद्दाम वापरला. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला गाव आपले रोजचे जगणे दाखवीत नाही.

आता अडचण पाहा. चित्रित केलेली फिल्म धुण्यासाठी अमेरिकेस पाठवावी, तर आगबोटीने ती जाऊन यायला कित्येक आठवडे लागणार. तोवर दृश्य साधले की फसले, हे कळायचे कसे? त्यातून दमट, उष्ण हवेत न धुतलेली फिल्म ठेवून देणे म्हणजे ती नासवणेच. तेव्हा प्रयोगशाळा बेटावरच हवी. फ्लॅहर्टींनी ती एका गुहेत थाटली.

यात फिल्मच्या जातीचाही प्रश्न होता. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग ओळखत नसे. सामोअन माणसाची तांबूस-तपकिरी कांती तिच्यावर काळीठिक्कर उमटे. फ्लॅहर्टींनी रंगीत चित्रणासाठी एक वेगळा कॅमेरा आणला होता. तो बिघडला. तेव्हा त्याच्यासाठी आणलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म त्यांनी साध्या कॅमेऱ्यात घालून पाहिली, आणि खांद्यांची गोलाई, त्वचेवरची झिलई प्रथमच पडद्यावर आली. मात्र ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येते, तर सर्व रंग ओळखणाऱ्या या फिल्मला पूर्ण काळोख लागतो. गुहेत काळोख होता, गारवा होता आणि पाणीही होते. याहून सोयीची जागा कोणती?

पण ही सोयच अंगाशी आली. धुलाईतले सिल्व्हर नायट्रेट गुहेतल्या पाण्यात साचत गेले, आणि तेच पाणी फ्लॅहर्टी पीत होते. त्यांना विषबाधा झाली. निगेटिव्हवरही डाग पडले. आपल्या खेड्यांतून पिण्याचा पाणवठा निराळा आणि धुण्याची जागा निराळी ठेवतात. एवढी साधी शिस्त चित्रणाच्या आराखड्यात पहिल्या ओळीवर असावयास हवी, असे मला वाटते.

पाण्यानंतर ऋतू. दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या नेमका उलट. दुपारी सूर्य डोक्यावर आला की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, आणि संध्याकाळचा संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. कामाचा उजेड मिळतो तो सकाळी आणि दुपार कलल्यावर. म्हणजे दिवस बारा तासांचा असला, तरी चित्रणाचा दिवस फार तर पाच-सहा तासांचा.

कधी कधी वेळ नटाच्या अंगावरही मोजावा लागतो. रॉबर्ट झेमेकिस यांचा 'कास्ट अवे' (२०००) फिजीमधील मोनुरिकी या निर्मनुष्य बेटावर चित्रित झाला. १९९९ च्या सुरुवातीला एक भाग झाल्यावर सुमारे वर्षभर काम थांबविले, कारण टॉम हँक्स यांना सुमारे ५० पौंड वजन उतरवून दाढी-केस वाढवायचे होते. तेवढ्यात झेमेकिस यांनी त्याच चमूकडून 'व्हॉट लाइज बिनीथ' हा दुसरा चित्रपट करून घेतला! हिशेबीपणा म्हणावा तर असा. निर्मनुष्य बेट म्हणजे पिण्याच्या पाण्यापासून सारे बोटीने नेणे आणि उरलेले परत आणणे. शिवाय निर्मनुष्य म्हणजे बेवारशी नव्हे. शेजारच्या यानुया बेटावरील लोक मोनुरिकीचे परंपरागत मालक आहेत.

संमतीचा मुद्दा 'द बीच' (२०००) या चित्रपटाने चांगलाच गाजविला. थायलंडमधील फी फी ले बेटावरची माया बे ही जागा राष्ट्रीय उद्यानातली. सरकारी परवाना हाती होता. पण मूळची पुळण कथेतल्या स्वर्गासारखी दिसेना, म्हणून १९९९ साली वाळूचे उंचवटे सपाट केले, तेथली झुडपे काढली आणि बाहेरून माड आणून लावले. झुडपांच्या मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी झाली व धुपू लागली. स्थानिक लोक न्यायालयात गेले आणि तो वाद २०२२ पर्यंत चालला. चित्रपट पाहून लोटलेल्या पर्यटकांमुळे प्रवाळाची हानी झाली ती निराळीच; २०१८ साली ती पुळण बंद करावी लागली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली. परवाना देणारे कार्यालय आणि त्या किनाऱ्यावर राहणारा माणूस हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे आराखडा करणाराने विसरता कामा नये.

साफुनेत तयार झालेला 'मोआना' १९२६ साली प्रदर्शित झाला आणि त्याच्याच परीक्षणात जॉन ग्रिअर्सन यांनी 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला. मात्र तो मूकपट. फ्लॅहर्टींच्या तीन मुलींपैकी मोनिका १९७५ साली रिचर्ड लीकॉक यांच्यासह ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन सावाईला परत गेल्या. लाटा, गाणी, तेथल्या माणसांचे बोलणे हे सारे त्यांनी नव्याने मुद्रित केले, आणि १९८० साली तो चित्रपट आवाजासह पुरा झाला.