गोदावरी उगम पावते, गोदावरी चढते आहे

‘राइज’ हे इंग्रजी क्रियापद घ्या आणि आपली गोदावरी घ्या. ‘द गोदावरी रायझेस अ‍ॅट त्र्यंबकेश्वर’ म्हणजे गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. ‘द गोदावरी इज रायझिंग’ म्हणजे पाणी चढतंय, रामकुंडाजवळची दुकानं आवरा. ‘द गोदावरी हॅज रिझन’ म्हणजे पाणी चढलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. आणि ‘द गोदावरी हॅज बीन रायझिंग सिन्स मॉर्निंग’ म्हणजे सकाळपासून चढतंच आहे, अजून थांबायचं नाव नाही.

नदी तीच, क्रियापद तेच, आणि चारही वाक्यं वर्तमानकाळातली. तरी पहिल्या वाक्यात भूगोलाचं पुस्तक आहे आणि दुसऱ्यात धोक्याची सूचना. ‘इज’ आणि ‘इंग’ एवढ्या दोन तुकड्यांनी ब्रह्मगिरीवरचा उगम पंचवटीतला पूर होतो. व्याकरणात एवढी ताकद असते, हे मला आजही नवलाचं वाटतं.

शाळेत आपण हे चार काळ तक्त्यातून शिकतो. मी जातो, आय गो. मी जात आहे, आय अ‍ॅम गोइंग. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडीला हात घालायची. दोन्ही पिढ्यांना तक्ता मात्र पाठ असतो. तक्ता रूपं चोख शिकवतो. कोणतं रूप कधी वापरायचं, हे त्याच्या चौकटीत मावत नाही. शिवाय त्यातलं एक नाव सरळ फसवतं. साध्या वर्तमानकाळाचा ‘आत्ता’शी फारच थोडा संबंध आहे.

नाशिकचा कुंभमेळा बारा वर्षांनी भरतो. २००३, २०१५, आता २०२७. ‘द कुंभमेळा टेक्स प्लेस एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स’ हे वाक्य घाटावर एकही साधू नसताना तितकंच खरं असतं. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी मुंबईकडे निघते, ‘लीव्हज इन द मॉर्निंग’. हे वाक्य मध्यरात्रीही खरंच, कारण ते गाडीबद्दल नाही, वेळापत्रकाबद्दल आहे. जे ठरलेलं आहे, जे पुन्हा पुन्हा घडतं, जे मुळातच तसं आहे, ते साध्या वर्तमानात जातं. ‘आत्ता डोळ्यांसमोर चाललंय’ हे सांगायचं काम इंग्रजीने जवळजवळ सगळं ‘इंग’कडे सोपवलं आहे.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला युरोपातला खरेदीदार विचारतो, तुम्ही काय करता? ‘वी ग्रो ग्रेप्स’ असं उत्तर दिलं तर द्राक्षं हा या घरचा धंदा आहे, एवढं समोरच्याला कळतं. ‘वी आर ग्रोइंग ग्रेप्स’ म्हटलं तर त्याच्या कानाला वेगळाच सूर लागतो: सध्या द्राक्षं लावली आहेत, पुढचं पुढे बघू. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याने स्वतःच्याच तोंडाने स्वतःला हंगामी ठरवू नये. ‘इंग’ला चालू असण्याचा अर्थ आहे, आणि त्याच्या पोटात तात्पुरतेपणाही आहे. ‘आय लिव्ह इन नाशिक’ म्हणणाऱ्याचं घर इथे आहे. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नाशिक’ म्हणणाऱ्याची बदली झालेली असावी.

मराठीत ‘आम्ही द्राक्षं करतो’ आणि ‘आम्ही यंदा द्राक्षं करतोय’ यांत हाच फरक आहे, आणि तो आपण कधी चुकत नाही. चुकतो ते ‘आहे’मुळे. ‘आहे’ दिसलं की आपला हात आपसूक ‘इज’ आणि ‘अ‍ॅम’कडे जातो.

साध्या वर्तमानाचा एक उपयोग मात्र अगदी ‘आत्ता’चा आहे, आणि त्याचा नमुना नाशिकरोडला छापला जातो. तिथला नोटांचा छापखाना १९२८पासून चालू आहे. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘आय प्रॉमिस टु पे द बेअरर’. ‘आय अ‍ॅम प्रॉमिसिंग’ का नाही? वचन देण्याची क्रिया तर याच क्षणाची आहे. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याचा उलगडा केला. काही वाक्यं घडणाऱ्या गोष्टीचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हेच ती गोष्ट करणं असतं. ‘आय प्रॉमिस’ म्हटलं की वचन देऊन झालं. ‘आय अ‍ॅम प्रॉमिसिंग’ म्हटलं तर माणूस बाजूला उभा राहून स्वतःचंच वर्णन करतोय असं वाटतं, आणि वचनातला जीव जातो. मंत्री ‘शपथ घेतो की’ म्हणतात, ‘शपथ घेत आहे की’ म्हणत नाहीत, तेही यामुळेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

इंग्रजीत काही क्रियापदं ‘इंग’ घ्यायला सहसा तयार नसतात. नो, लाइक, वॉन्ट, रिमेंबर, अंडरस्टँड, नीड, सी, हिअर. पुस्तकात त्यांची यादी असते आणि ती पाठ करायला सांगतात. ती यादी जरा मराठीत म्हणून पाहा. मला माहीत आहे. मला आवडतं. मला हवंय. मला आठवतं. मला समजतं. मला लागतं. मला दिसतं. मला ऐकू येतं.

सगळीकडे ‘मला’!

जिथे मराठी माणूस ‘मी’ न म्हणता ‘मला’ म्हणतो, तिथे बहुतेक वेळा इंग्रजी क्रियापद ‘इंग’ नाकारतं. कारण दोन्ही भाषांनी पाहिलेली गोष्ट एकच आहे. आठवणं, आवडणं, दिसणं ही कामं नव्हेत. या आपल्या ठायी असलेल्या अवस्था आहेत. त्यांना हात घालून सुरुवात करता येत नाही आणि मध्येच थांबवताही येत नाहीत. मराठीने हे कर्त्याच्या विभक्तीत नोंदवलं, इंग्रजीने क्रियापदाच्या रूपात. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्या तरी हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. एकीने दुसरीकडून हा नियम घेतलेला नाही.

जोड्या लावल्या की हे आणखी उघड होतं. मला दिसतं, आय सी. मी बघतोय, आय अ‍ॅम लुकिंग. मला ऐकू येतं, आय हिअर. मी ऐकतोय, आय अ‍ॅम लिसनिंग. आणि जी क्रियापदं दोन्हीकडे चालतात, ती तर मन थक्क करतात. ‘आय थिंक’ म्हणजे मला वाटतं, ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ म्हणजे मी विचार करतोय. ‘आय सी’ म्हणजे मला दिसतं, पण ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुडे’ म्हणजे मी आज डॉक्टरांना भेटतोय. ‘आय हॅव अ हाउस’ म्हणजे माझं घर आहे, ‘आय अ‍ॅम हॅविंग ब्रेकफास्ट’ म्हणजे मी नाश्ता करतोय. इंग्रजी ‘इंग’ लावते त्याच क्षणी मराठीत ‘मला’ किंवा ‘माझं’ जाऊन ‘मी’ येतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाकडे ही किल्ली जन्मापासून असते आणि तिच्याबद्दल त्याला कुणी सांगत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही सांगायला हवं. ‘मी त्यांना ओळखतो’ यात ‘मी’ आहे, तरी इंग्रजीत ‘आय नो देम’च. उलट ‘मला घाम येतोय’ यात ‘मला’ असून ‘आय अ‍ॅम स्वेटिंग’ चालतं. शरीराच्या तक्रारींना इंग्रजी वेगळा न्याय लावते. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की मराठी स्वतः ‘मला कळतंय’, ‘मला आवडतंय’ असं अगदी सहज म्हणते. म्हणून बघायचं ते वाक्याच्या सुरुवातीच्या ‘मला’कडे, शेवटच्या ‘तंय’कडे नाही. ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ हे वाक्य याच ‘तंय’मधून जन्मतं. त्यामागे मराठीचं पक्कं तर्कशास्त्र आहे, अडाणीपणा नाही. मुंबईचे कवी निसिम इझिकेल मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. त्यांनी भारतीय इंग्रजीतल्या आपल्या कवितांत हे सगळीकडे ‘इंग’ लावणारं बोलणं इतकं नेमकं पकडलं आहे की त्या वाचताना ओळीओळीखाली आपली भाषा ऐकू येते.

राहिले ‘हॅव’वाले दोन. ‘द गोदावरी हॅज रिझन’ म्हणताना पाणी अजून वर असायला हवं. ओसरलं, की ‘रोझ’. २०१९च्या पुराबद्दल बोलायचं तर ‘रोझ’च, कारण ते पाणी केव्हाच पैठणकडे निघून गेलं. मराठीतही ‘चढलंय’ आणि ‘चढलं होतं’ यांत हेच अंतर आहे. फरक एका ठिकाणी पडतो. ‘तो काल आलाय’ हे आपल्याला सहज चालतं. इंग्रजीला ‘ही हॅज कम यस्टर्डे’ चालत नाही. ‘हॅज’ आजच्या काठावर उभं असतं, आणि ‘काल’ म्हटलं की आपण त्या काठावरून उठून गेलो. याउलट ‘मी २०१५पासून नाशिकला राहतोय’ यात आपलं क्रियापद पूर्ण वर्तमानातलं. मागची वर्षं ‘पासून’ सांभाळतं. इंग्रजीला ती वर्षं क्रियापदातच हवी असतात: ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स २०१५’ हे आपलं आवडतं वाक्य तिथेच अडखळतं. साधी खूण अशी की मराठी वाक्यात ‘पासून’ किंवा ‘गेली दहा वर्षं’ असेल आणि गोष्ट अजून चालू असेल, तर इंग्रजीत ‘हॅव’ हवंच.

ही व्यवस्था इंग्रजीतही सनातन नाही. ‘हॅम्लेट’ नाटकात पुस्तक वाचत असलेल्या राजपुत्राला पोलोनियस ‘काय वाचताय’ असं विचारतो, तेव्हा तो साधा वर्तमान वापरतो. आजच्या इंग्रजीत तिथे ‘इंग’ लागलं असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घर बांधलं जातंय हे सांगायला ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ आलं तेव्हा तिकडच्या व्याकरणकारांनी त्याला नाकं मुरडली. ‘इंग’ने साध्या वर्तमानाकडून ‘आत्ता’ काढून घेतला, तो असा हळूहळू, शतकांच्या हिशोबाने.

आणि मराठीत हे आधीच होऊन गेलं आहे. त्र्यंबकेश्वरला ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांच्या काळी ‘करी’, ‘म्हणे’ हे वर्तमानकाळाचं रूप होतं. अभंगाच्या शेवटचं ‘तुका म्हणे’ म्हणजे तुका म्हणतो. मग ‘करीत’, ‘म्हणत’ या धातुसाधितापासून ‘करतो’, ‘म्हणतो’ पुढे आले, आणि जुन्या रूपाला भूतकाळात सरकावं लागलं. आज ‘आजी रोज पहाटे ओव्या म्हणे’ म्हटलं की आजी आता नाही, हे न सांगता कळतं. व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ असं नाव आहे. पुढे ‘करतो’ही सवयीच्या अर्थाकडे झुकला आणि ‘आत्ता’साठी ‘करतो आहे’ आलं. बोलता बोलता त्याचं ‘करतोय’ झालं. जुनं वर्तमान सवयीत जातं, कधी सवयीतून भूतकाळात जातं, आणि त्याच्या जागी नवं रूप येऊन बसतं. भाषाशास्त्रज्ञ जोन बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली जगभरातल्या भाषा तपासून हीच वाट पुन्हा पुन्हा सापडते असं दाखवलं. मराठी या वाटेवर दोन मुक्काम करून पुढे गेली आहे. इंग्रजी मागून येते आहे.

म्हणूनच २००३ साली एका अमेरिकन बर्गरच्या जाहिरातीने ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ असं जगभर म्हटलं, तेव्हा ते व्याकरणाच्या शिक्षकांना खटकलं आणि बाकीच्यांच्या तोंडी बसलं. ‘लव्ह’ हे यादीतलं, ‘इंग’ न घेणारं क्रियापद. आपण त्याचं मराठी सहज करतो: मला जाम आवडतंय. परीक्षेच्या पेपरात मात्र अजून ‘आय लव्ह इट’च लिहा, यादी अजून बदललेली नाही.