कागदावरची दोन भोकं काय सांगतात?

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ अनेकांनी पाहिले असतील. त्या काळी मोठ्या शिकारीला दुनळी रायफली वापरत. त्यांचं एक गाजलेलं काडतूस म्हणजे जॉन रिग्बी कंपनीचं १८९८ चं '४५० नायट्रो एक्सप्रेस': गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले, पण अशा रायफली जपणारे हौशी नेमबाज जगात अजून आहेत. मूळची कॉर्डाइट दारू आता मिळत नाही, म्हणून ते रिकाम्या पुंगळीत आधुनिक दारू मोजून काडतूस स्वतः भरतात. ते बरोबर भरलंय हे कसं ओळखायचं?

वेग मोजायला यंत्र असतं. पण दुनळी रायफल स्वतःही एक घड्याळच आहे.

तिच्या दोन नळ्या समांतर नसतात, तोंडाशी किंचित जवळ आलेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्का मध्यरेषेच्या उजव्या बाजूला बसतो आणि गोळी बाहेर पडण्याआधीच रायफल उजवीकडे व वर वळू लागते. गोळी नळीत दोन सहस्रांश सेकंदही नसते, तरी तेवढं वळणं पुरेसं असतं. कारागीर ते वळण हिशेबात धरून नळ्या जुळवतो, पण एकाच ठरावीक वेगासाठी.

आता काडतूस जास्त जोरकस झालं तर? गोळी लवकर बाहेर पडते, नळीला वळायला वेळ मिळत नाही. मग उजव्या नळीची गोळी डावीकडे आणि डावीची उजवीकडे लागते. काडतूस कमजोर असेल तर उलट: दोन्ही भोकं एकमेकांपासून लांब जातात.

यात तापमानाचाही वाटा आहे. गरम दारू जास्त वेगानं जळते, दाब वाढतो. आमच्या बिन ओमरानमध्ये, दोहात, जूनच्या दुपारी पारा ४५ अंश गाठतो. विदर्भातला मे महिनाही काही वेगळा नसतो. म्हणूनच विलायती कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसं बनवत. थंड सकाळी घेतलेली चाचणी भर दुपारी लागू पडेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र ती भोकं सांगत नाहीत: नळीतला दाब. दोन वेगळ्या दारूंनी गोळीला सारखाच वेग दिला, तरी त्यांचा सर्वोच्च दाब वेगळा असू शकतो. तो मोजायला प्रयोगशाळेतला दाबमापकच लागतो. म्हणून जाणकार स्वतःच्या अंदाजानं दारू भरत नाहीत. प्रयोगशाळेत तपासलेल्या, छापील प्रमाणापासून, तेही सर्वात कमी मापानं, सुरुवात करतात. शंभर वर्षांचं पोलाद नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतं!