माउंट एरर आली? आधी काहीही पुसू नका

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतःच्या हातानं तीन आठवड्यांचा डेटा घालवला. आमचा डेटा लॉगर सह्याद्रीतल्या एका ओढ्याकाठी पाऊस आणि पाण्याची पातळी नोंदवत होता. पावसाळ्यात तिथं वरचेवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून सगळ्या नोंदी बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये साठायच्या. बोर्ड लॅबमध्ये आणला आणि नोंदी उतरवून घेण्याआधीच एसडी कार्डवरून नवीन कर्नलनं सुरू केला. लॉगभर एकच आकडा दिसत होता, एरर उणे ७४, आणि शेवटी माउंट फसलं. चिप मेली असं समजून मी ती पुसून टाकली.

नंतर कळलं की चिप ठणठणीत होती. आज त्याबद्दलच लिहितोय, कारण तुमच्यापैकी बरेचजण सेन्सर, बोर्ड, फील्डवर्क यांतून जाणार आहात, आणि ही चूक करायला फार हुशारी लागत नाही.

खराब ब्लॉक असणं नॉर्मल आहे

नँड फ्लॅशमध्ये लिहायचं एकक वेगळं आणि पुसायचं एकक वेगळं. लिहिताना आपण एक पान लिहितो, पुसताना मात्र पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. जुन्या, साध्या १ गिगाबिटच्या चिपचं उदाहरण घेऊ. २०४८ बाइटचं एक पान, अशा ६४ पानांचा १२८ केबीचा एक ब्लॉक, आणि असे १०२४ ब्लॉक. प्रत्येक पानाला ६४ बाइटची जादा जागा असते. वहीच्या पानाला समास असतो ना, तशी. तिला ओओबी म्हणतात.

आता गंमत बघा. अशा चिपच्या डेटाशीटमध्ये निर्माता १०२४ पैकी साधारण १००४ ब्लॉक चांगले असतील एवढीच हमी देतो. म्हणजे कोऱ्या करकरीत चिपमध्येसुद्धा २० पर्यंत ब्लॉक खराब असू शकतात. फॅक्टरीत तपासणी करून अशा ब्लॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानाच्या समासात खूण केलेली असते. चांगल्या ब्लॉकमध्ये तिथं सगळे बिट १ असतात, खराब ब्लॉकमध्ये तसं नसतं. ही खूण फ्लॅशच्याच बिटमध्ये आहे, त्यामुळे ब्लॉक जबरदस्तीनं पुसला तर खूणही पुसली जाऊ शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याशिवाय वापरानं ब्लॉक झिजतात. एका सेलमध्ये एकच बिट ठेवणाऱ्या चिपचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा पुसता येतो. सेलमध्ये जास्त बिट कोंबले की हा आकडा काही हजारांवर येतो.

सांभाळतं कोण?

तीन थर आहेत. पहिला ईसीसी. लिहिताना समासात काही तपासबिट लिहिले जातात आणि वाचताना त्यांच्या आधारे चुकलेले बिट दुरुस्त होतात. दुसरा थर म्हणजे लिनक्समधला एमटीडी, जो खुणा वाचून खराब ब्लॉक ओळखतो. तिसरा यूबीआय. हा फाइलसिस्टमला ‘तार्किक’ ब्लॉक दाखवतो आणि खाली प्रत्यक्ष ब्लॉक बदलत राहतो. लिहिताना एखादा ब्लॉक फसला, तर त्यातला डेटा दुसरीकडे हलवतो, संशयित ब्लॉकवर वेगवेगळे नमुने लिहून-पुसून परीक्षा घेतो आणि नापास झाला तर त्यावर खूण करतो. यासाठी तो मुळात दर १०२४ ब्लॉकमागे २० ब्लॉक राखीव धरतो. राखीव संपले की यूबीआय लिहिणं बंद करतो.

या सगळ्याच्या वर यूबीआयएफएस ही फाइलसिस्टम बसते. माउंटची एरर आपल्याला दिसते ती बहुतेकदा या सगळ्यात वरच्या थरावर. मूळ कारण मात्र खालच्या कुठल्याही थरात असू शकतं.

आकडा काय सांगतो

उणे ७४ म्हणजे ईसीसीला दुरुस्ती जमली नाही. उणे ११७ खालच्या एमटीडी थरातून आलं असेल तर घाबरू नका, बिट चुकले होते पण दुरुस्त झाले. उणे २२ बऱ्याचदा इमेज चुकीच्या पान-आकारानं बनवल्यामुळे येतो. उणे १९ म्हणजे डिव्हाइस किंवा व्हॉल्यूमच सापडलं नाही, कदाचित यूबीआय जोडायचं राहिलं असेल. उणे ३० म्हणजे फक्त वाचता येईल, राखीव ब्लॉक संपलेत का ते बघा.

माझ्या बाबतीत उणे ७४ होता, आणि इथंच मी फसलो. ‘दुरुस्ती जमली नाही’ याचा अर्थ मी ‘चिप खराब’ असा लावला. पण जुना कर्नल एक बिट दुरुस्त करणारा हॅमिंग कोड वापरत होता आणि नव्यात बीसीएच कोड लावलेला होता. समासातले तपासबिट एका भाषेतले, वाचणारा दुसऱ्या भाषेतला. त्याला पानच्या पान चुकीचं वाटणारच. एखाद-दुसऱ्या ब्लॉकमध्ये ही एरर आली तर झीज समजू शकतो. एका रात्रीत सगळ्याच ब्लॉकमध्ये आली, तर आधी सेटिंगवर संशय घ्यायला हवा.

मंगळावरचं माउंट

अशीच वेळ नासाच्या स्पिरिट रोव्हरवर आली होती. जानेवारी २००४ मध्ये तो मंगळावर उतरला आणि २१ जानेवारीपासून विचित्र वागायला लागला. सुरू व्हायचा, फ्लॅशमधली फाइलसिस्टम माउंट करायला जायचा, फसायचा, पुन्हा रीबूट. असं ६० हून जास्त वेळा झालं. इंजिनिअरांनी त्याला फ्लॅश माउंट न करताच सुरू होण्याची आज्ञा पाठवली आणि मग शांतपणे कारण शोधलं. फ्लॅश चिप बिघडलेली नव्हती. फाइलसिस्टम डिरेक्टरीची रचना रॅममध्ये ठेवायची, फाइलींची संख्या वाढत गेली आणि त्यासाठी ठेवलेली रॅम कमी पडली. कारण उलगडल्यावर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, फ्लॅश फॉरमॅट केली. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर २०१० पर्यंत संपर्कात होता.

त्याच्या जुळ्या भावाची, ऑपॉर्च्युनिटीची गोष्ट उलटी. २०१४ मध्ये फ्लॅश फॉरमॅट करूनही त्याचा त्रास थांबला नाही. तिथं संशय खरोखरच हार्डवेअरवर होता, फ्लॅशच्या सातपैकी सातव्या बँकेवर. म्हणजे बाहेरून लक्षणं सारखी दिसली तरी रोग वेगळा असू शकतो.

मग क्रम काय?

१. सर्वात आधी नँडडंपनं, ओओबीसकट आणि ईसीसी दुरुस्ती बंद ठेवून, पूर्ण चिपची कच्ची प्रत काढा. शक्यतो दोनदा, आणि दोन्ही ताडून बघा.
२. प्रत निघेपर्यंत यूबीआय जोडू नका. फाइलसिस्टम ‘फक्त वाचा’ म्हणून माउंट केली तरी खालचा यूबीआय ब्लॉक हलवू शकतो.
३. लॉगमधली पहिली एरर वाचा. शेवटची बहुधा परिणाम असते.
४. शेवटचं नीट चाललं तेव्हापासून काय बदललं ते लिहून काढा: कर्नल, ईसीसी, विभागणी.
५. जुना कर्नल लावून बघा.
६. पुसणं सगळ्यात शेवटी, आणि तेही साधं इरेज.

सहाव्या मुद्द्याबद्दल थोडं. मी साधं इरेज वापरलं नव्हतं. ते खराब ब्लॉक सोडून पुढे जातं आणि मला ‘सगळंच स्वच्छ’ हवं होतं, म्हणून बूटलोडरमधली स्क्रब कमांड दिली. फॅक्टरीच्या खुणाही जातील असा इशारा स्क्रीनवर आला होता. मी ‘हो’ दाबलं. डेटा तर गेलाच, पण खुणाही गेल्या. पुढच्या महिन्यात त्याच बोर्डावर नव्या नोंदी खऱ्याखुऱ्या खराब ब्लॉकमध्ये जाऊन बसायला लागल्या. म्हणजे चिप आधी खराब नव्हती, मी ती केली.

सराव करायचा असेल तर खऱ्या चिपवर करू नका. लिनक्स कर्नलमध्ये नँडसिम नावाचं मॉड्यूल आहे. ते रॅममध्ये खोटी नँड चिप उभी करतं आणि कुठले ब्लॉक खराब, कुठले कमजोर हे तुम्हाला ठरवता येतं. एक दुपार त्यावर घालवा. मुद्दाम ब्लॉक बिघडवा, एरर बघा, नोंदवहीत लिहा.

गाईडना सांगायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “पुसण्याआधी तुझ्याकडे चिप खराब असल्याचा पुरावा काय होता?” माझ्याकडे एक आकडा होता आणि एक अंदाज. प्रबंधातल्या त्या तीन आठवड्यांच्या आलेखात आजही रिकामी जागा आहे. खाली कारण लिहिलंय: नोंदी उपलब्ध नाहीत, हाताळणीतील चूक.